खटका का पडतो?

मृगाचा पाऊस सुरू होऊन आठवडा लोटला होता. खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगास, जेथे जांभ्या दगडाची घरे चार महिने ओल धरून उभी असतात, अशा एका वाडीत आम्ही आजारी माणसांच्या भेटीस गेलो होतो. परत निघताना एका घराच्या ओसरीवरून हाक आली. त्या घरच्या मावशींचे यजमान मार्च महिन्यात वारले. थोरला मुलगा आखातात नोकरीस, मुलगी बेळगावास शिकावयास. घरी त्या व त्यांच्या वृद्ध सासूबाई अशा दोघीच.

"फादर, आमच्या घरात दिवाच टिकंना झालाय. तेवढं एकदा बघून जावा की," मावशी म्हणाल्या.

हकिगत अशी होती. दोन वर्षांपूर्वी मुलाने पैसे पाठवून घरातील सगळी वायरिंग नवी करून घेतली. जुने चिनी मातीचे फ्यूज गेले आणि त्या जागी पांढऱ्या खटक्यांची सुबक पेटी आली. दोन वर्षे कसलीही तक्रार नव्हती. पाऊस पडू लागला आणि रोज सायंकाळी सातच्या सुमारास त्या पेटीतील मोठा खटका आपोआप खाली पडू लागला. वर करावा, तो पाच मिनिटांत पुन्हा खाली. रात्री दहानंतर मात्र तो मुकाट्याने वर राहतो, सकाळीही राहतो. नेमका दिवेलागणीस अंधार. शेजारच्या एका आजीबाईंनी या प्रकाराचा संबंध घरातील मृत्यूशी जोडून दिला होता, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत ती भीती आम्हांस स्पष्ट दिसत होती. हौसेने वायरिंगची कामे करणाऱ्या एका तरुणाने निराळेच निदान केले होते: "खटकाच खराब आहे, मावशी. तो काढून तारा सरळ जोडून देतो. रविवारी येतो."

तो दिवस शुक्रवार होता.

चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात तो हा प्रकार. आजीबाईंच्या निदानाने माणूस भितो, एवढेच. तरुणाच्या निदानाने माणूस मरू शकतो. आणि खेदाची गोष्ट अशी की, गावोगावी घरभेटीस जाताना पेटीतील हा मोठा खटका काढून टाकलेला किंवा तारेने बगल दिलेला आम्ही एकाहून अधिक घरांत पाहिला आहे. घरच्या मंडळींना त्यात काही वावगे वाटत नाही. "पूर्वी फार त्रास द्यायचा, आता बरं आहे," असे ती समाधानाने सांगतात. यास्तव हा विषय थोडा विस्ताराने मांडावयाचे आम्ही ठरविले आहे. आम्ही वायरमन नव्हे. सेमिनरीत असताना तेथील जनरेटर सांभाळणाऱ्या एका वयोवृद्ध ब्रदरांच्या हाताखाली दोन उन्हाळे काढले, आणि पुढे जाणत्या कारागिरांना प्रश्न विचारीत राहिलो, इतकीच आमची पुंजी.

खटका पडू लागला की प्रथम तो कोणता, हे पाहावे. पेटीत बहुधा दोन जातींचे खटके असतात, आणि दोघांचे काम अगदी भिन्न आहे. ओळीने बसविलेले जे अरुंद खटके, ज्यांवर ६, १०, १६, २० असे आकडे असतात, त्यांस एम.सी.बी. म्हणतात. त्यांच्या आधी, सुरुवातीस, एक रुंद खटका असतो व त्यावर एक बारीक बटण आणि 'टी' किंवा 'टेस्ट' असे इंग्रजी अक्षर असते. तो आर.सी.सी.बी. आमच्याकडचे कारागीर जुन्या सवयीने त्याला ई.एल.सी.बी. म्हणतात. या लेखापुरते आम्ही त्याला गळतीचा खटका म्हणू, कारण वीज कोठे गळते आहे यावर नजर ठेवणे एवढेच त्याचे काम.

एम.सी.बी. राखण करतो ती भिंतीतील तारेची. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. तारेतून तिच्या ताकदीबाहेर वीज वाहू लागली तर तार तापते, तिच्यावरचे आवरण वितळते आणि आग लागते. ते होऊ नये म्हणून तिच्या वाटेवर हा पहारेकरी बसविलेला. त्याच्या पोटात दोन युक्त्या आहेत. एक म्हणजे दोन निरनिराळ्या धातूंची सांधलेली पट्टी. दोन्ही धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तापली की पट्टी वाकते आणि खटका सुटतो. दुसरी म्हणजे तारेचे वेटोळे. दोन तारा एकमेकींस चिकटून विजेचा लोंढा आला की ते वेटोळे लोहचुंबक बनते व डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी खटका ओढून टाकते. जर्मनीतील मानहाइम शहरी ह्यूगो स्टॉट्झ यांच्या कारखान्यात १९२४ साली हा घरगुती खटका आकारास आला. आजच्या खटक्यांतही मूळ कल्पना तीच आहे.

या दोन युक्त्यांमुळे घरच्या माणसाला एक फार उपयोगी खूण मिळते. खटका वर करताक्षणी ताडकन पडत असेल, तर कोठे तरी फेज आणि न्यूट्रल भिडल्या आहेत: जळलेला प्लग असेल, उंदराने कुरतडलेली तार असेल, किंवा बटणांच्या डबीत शिरून मेलेली पाल असेल. (पाल आणि मुंग्या यांनी आमच्या भागात जितके खटके पाडले असतील तितके क्वचितच दुसऱ्या कोणी पाडले असतील.) उलट, खटका दहा-वीस मिनिटे नीट राहून मग पडत असेल आणि हातास कोमट लागत असेल, तर तो बहुतेक भाराचा प्रश्न होय. अशा वेळी त्याला निवावयास दोन-चार मिनिटे द्यावीत. तापलेली पट्टी सरळ होईपर्यंत तो वर राहत नाही, आणि मग लोक तो बिघडला असे समजतात.

भाराचा हिशेब अवघड नाही. प्रत्येक उपकरणावर वॉटचा आकडा लिहिलेला असतो. त्याला २३० ने भागले की अँपियर मिळतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात रविवारी सकाळीच १६ अँपियरचा खटका पडे, इतर दिवशी नाही. रविवारी मिस्सेस जाण्याच्या घाईत काय काय चालू असते, असे आम्ही विचारले. इंडक्शन शेगडी २,००० वॉट, गिझर २,००० वॉट, इस्त्री १,००० वॉट, आणि टाकी भरावयाचा छोटा पंप सुमारे ६०० वॉट. बेरीज ५,६००, म्हणजे २४ अँपियरच्याही वर. आणि हे सगळे एकाच १६ अँपियरच्या वाटेवर! खटका पडत होता यात नवल नव्हते, तो पंधरा मिनिटे तग धरीत होता हेच नवल. गिझरसाठी पेटीपासून स्वतंत्र जाड तार व स्वतंत्र खटका घेतल्यावर तो प्रश्न कायमचा मिटला. तोपर्यंत दोन महिने त्या घरी शनिवारी रात्रीच इस्त्री होत असे, तोही उपाय वाईट नव्हता.

यावर लोक जो उपाय करतात तो असा: १६ चा खटका काढून ३२ चा बसवितात. मग तो पडत नाही. तार मात्र तीच राहते. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची तार भिंतीतील नळीतून सुमारे २० अँपियर सोसते. तिच्यावर ३२ चा पहारेकरी ठेवला तर ती जळून गेल्यावरच तो जागा व्हावयाचा. हे आम्ही पुस्तकातले सांगत नाही. काही वर्षांपूर्वी फेस्ताच्या रोषणाईत आमच्याच निवासातील दिव्यांचा ६ अँपियरचा खटका सारखा पडे. पाहुणे यावयाचे होते, हातांशी वेळ नव्हता, आणि आम्ही स्वतः दुकानातून मोठा खटका आणून बसविला. रात्री साडेदहाला माळ्यावरून जळक्या रबराचा वास आला. नळीतील तारेचे आवरण हातभर वितळले होते. माळ्यावर त्या वेळी नाताळच्या गोठ्याचे वाळके गवत ठेवलेले होते. त्या गवताची आठवण झाली की अद्यापही आम्हांस घाम फुटतो.

भार नाही, तारा भिडलेल्या नाहीत, तरी एम.सी.बी. पडतो, असेही होते. बहुधा त्याच्या खालच्या स्क्रूमध्ये तार सैल असते. सैल जोडापाशी उष्णता निर्माण होते व ती पट्टीला वाकविते. तेथे तारेचे टोक काळवंडलेले दिसते. ते काम वायरमनचे, कारण त्यासाठी पेटीचे झाकण उघडावे लागते. आणि मोठा खटका बंद केला तरी त्याच्या वरच्या अंगास मीटरकडून येणारी तार जिवंतच असते.

आता गळतीच्या खटक्याकडे वळू. एम.सी.बी. माणसाला वाचवीत नाही, हे वाक्य आम्ही मुद्दाम ठळकपणे लिहीत आहो. त्याचे कारण साधे अंकगणित आहे. १६ अँपियर म्हणजे १६,००० मिलिअँपियर. माणसाच्या छातीतून ३० मिलिअँपियरहून थोडी अधिक वीज काही क्षण वाहिली तरी त्याचे हृदय थांबण्याचा धोका उत्पन्न होतो. नऊ वॉटचा एक एल.ई.डी. दिवा सुमारे ४० मिलिअँपियर घेतो. म्हणजे तारेस चिकटलेला माणूस एम.सी.बी.च्या दृष्टीने एखाद्या दिव्याएवढाही नसतो. पहारेकरी त्याच्याकडे पाहणारच नाही.

गळतीचा खटका वीज किती गेली हे पाहतच नाही. फेजमधून जेवढी गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली का, इतकेच तो ताडून पाहतो. भाकरीच्या पिठाचा हिशेब ठेवणाऱ्या काटेकोर सासूप्रमाणे त्याची नजर फरकावर. फरक पडला याचा अर्थ ती वीज तिसऱ्याच वाटेने, एखाद्या ओल्या भिंतीतून, उपकरणाच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या देहातून, जमिनीत गेली. घरगुती खटक्यावर ३० मिलिअँपियर असे लिहिलेले असते. तेवढा फरक दिसला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो सारा पुरवठा तोडतो. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत विजेचे अपघात फार होत. तेथील अभियंते हेन्री रुबिन यांनी १९५५ पासून त्यावर काम करून गळती हेरणारी अत्यंत संवेदनशील योजना सिद्ध केली. खाणीतील कामगारांसाठी निघालेली वस्तू आज आमच्या ओसरीवरील पेटीत बसली आहे. एक मर्यादा मात्र ध्यानी ठेवावी. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरून कोरड्या पाटावर उभे राहिले, तर हा खटकाही फसतो, कारण त्याच्या हिशेबात फरकच पडत नाही.

आमच्या धर्मग्रामात तीन पावसाळ्यांपूर्वी एका तरुण शेतकऱ्याचे दफन आम्ही केले. ओल्या अंगणात पंपाच्या लोखंडी सांगाड्यास त्याचा हात लागला होता. गळतीचा खटका त्या घरी होता. मात्र 'पंप लावला की पडतो' म्हणून पंपाची तार त्याच्या आधीच जोडून घेतली होती. खटका महिनाभर जे ओरडून सांगत होता ते खरे होते. याहून अधिक त्या घराविषयी लिहिणे आम्हांस योग्य वाटत नाही.

तर त्या शुक्रवारी मावशींना आम्ही म्हणालो, "रविवारी त्याला बोलावू नका. आज आपण थोडं शोधून पाहू." गळतीचा खटका पडत असेल तर घरच्या माणसाने करावयाचा शोध सोपा आहे, फक्त तो क्रमाने करावा लागतो. हात कोरडे, पायांत रबरी चपला, पेटीचे झाकण न उघडता. सर्व एम.सी.बी. खाली करावेत. मोठा खटका वर करावा. राहिला, तर एकेक एम.सी.बी. वर करीत जावे. ज्याच्या वेळी मोठा खटका पडतो, त्या वाटेवर दोष आहे. मग त्या वाटेवरील सर्व उपकरणांचे प्लग काढून एकेक पुन्हा लावावा. दहांतील आठ वेळा गुन्हेगार येथेच सापडतो: कांडी चिरलेला गिझर, पाणी शिरलेले धुलाई यंत्र, ओसरीबाहेरचा पावसात भिजणारा दिव्याचा होल्डर, विहिरीवरच्या पंपाची सोललेली तार.

येथे एक मेख आहे. बटण बंद करणे आणि प्लग काढणे या दोन गोष्टी एक नव्हेत. भिंतीवरचे बटण, तसेच साधा एम.सी.बी., फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते. म्हणून बटण बंद असलेला गिझरदेखील खटका पाडू शकतो. प्लग भिंतीतून बाहेर काढावा, तेव्हाच तो खरा सुटला. इन्व्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक भानगड असते. त्याची न्यूट्रल चुकीच्या जागी जोडली गेली असेल, तर वीज परत आली की खटका पडतो, आणि लोक वीज पुरवणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडतात. तसेच दिवे, चार्जर, दूरदर्शन संच, फ्रीज यांतून प्रत्येकी अगदी किंचित गळती असतेच. फार मोठ्या घरात सर्वांसाठी एकच गळतीचा खटका असेल, तर थेंबे थेंबे तळे साचून तो विनाकारण पडू लागतो. अशा घरी दोन-तीन वेगवेगळे खटके बसवावेत.

आम्ही मावशींच्या घरातील सारे प्लग काढले. सारे एम.सी.बी. खाली केले. मेणबत्ती लावली. मोठा खटका वर केला, तो राहिला. आम्हांस वाटले, आता एकेक करीत गुन्हेगार पकडू. मावशींनी चहा टाकला. सात वाजून दहा मिनिटांनी, घरात एकही दिवा चालू नसताना, एकही उपकरण जोडलेले नसताना, खटका ताडकन पडला. सासूबाईंनी छातीवर क्रुसाची खूण केली. खरे सांगावयाचे तर क्षणभर आमचीही विद्या संपली. खटका खरोखरच बिघडला असावा, असे आम्हांसही वाटून गेले. तरी 'सरळ जोडू नका' एवढे सांगून, रात्रीपुरता कंदील आणि सकाळी वायरमनला पाठवितो असे आश्वासन देऊन, आम्ही ओलेचिंब होत परत आलो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावाहून एक परवानाधारक वायरमन आले. मध्यमवयीन, मितभाषी गृहस्थ. त्यांनी आमची सारी हकिगत ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, "रात्री दहानंतर राहतो म्हणता ना?" मग त्यांनी खटका सोडवून घेतला, आपल्या पिशवीतील यंत्राने तपासला आणि म्हणाले, "खटका उत्तम आहे." पेटीतील न्यूट्रलच्या पट्टीवरून त्यांनी एकेक तार सोडविली आणि मेगर नावाच्या यंत्राने ती अर्थच्या तारेशी तपासत गेले. हे यंत्र आवरणाची ताकद मोजते. चांगल्या तारेचा आकडा लाखो ओहमांत यावयास हवा. स्वयंपाकघर ठीक, न्हाणी ठीक, ओसरी ठीक. मधल्या खोलीच्या तारेवर आकडा आला शून्य. काळी आणि हिरवी तार भिंतीत कोठे तरी एकमेकींस भिडल्या होत्या.

हौशी तरुणाला हे का सापडले नव्हते, तेही त्यांनी सांगितले. त्याच्याजवळ फक्त टेस्टर. टेस्टरचा दिवा फेजवर लागतो. न्यूट्रलवर लागत नाही. त्याने घरभर टेस्टर फिरवला, कोठे काही दिसले नाही, म्हणून दोष खटक्याच्या माथी मारला.

आणि सायंकाळी सातच का? त्याचे उत्तर ऐकून आम्ही थक्क झालो. सायंकाळी साऱ्या वाडीचे दिवे, पंखे, दूरदर्शन संच एकदम सुरू होतात. सर्वांची वीज न्यूट्रलच्या एकाच लांबलचक तारेने परत जाते. भार वाढला की त्या तारेवर जमिनीच्या तुलनेने दोन-चार व्होल्ट चढतात. एरवी त्याने कोणाचे काही बिघडत नाही. पण या घरात न्यूट्रल अर्थला भिडलेली. त्यामुळे वाडीची थोडी वीज मावशींच्या घरात उलट शिरून, मोठ्या खटक्यातून, अंगणातील अर्थिंगच्या खड्ड्यात उतरू लागे. खटक्याला फरक दिसे आणि तो पडे. मग उन्हाळ्यात का पडला नाही? कारण उन्हाळ्यात तो खड्डा कोरडा ठणठणीत होता. कोरड्या मातीतून वीज उतरेना. पावसाने खड्डा भिजला, अर्थिंग चांगले झाले, आणि चांगले झाले म्हणूनच दोष उघडकीस आला. वायरमन म्हणाले, "उन्हाळ्यात या घराला अर्थिंग नव्हतंच म्हणा. आठवड्याला दोन घागरी पाणी घालत चला." किती घरी त्या खड्ड्यावर फरशी किंवा तुळशी-झेंडूच्या कुंड्या येऊन बसल्या आहेत, ते वाचकांनी आपापल्या अंगणात जाऊन पाहावे.

तारा सरळ जोडल्या असत्या तर काय झाले असते, असे आम्ही मुद्दाम विचारले. "काहीच दिसलं नसतं," ते म्हणाले, "दिवे लागले असते. सगळे खूश. आणि एखाद्या वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली असती, तर घरातली सगळी वीज हिरव्या तारेतून जमिनीत गेली असती. फ्रीजचा पत्रा, गिझरची टाकी, इस्त्री, सगळ्यांत वीज उतरली असती. हा खटका असेल तर तिथल्या तिथे तोडतो. नसेल तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. मावशी दारात उभ्या होत्या. त्याच महिन्याच्या अखेरीस वाऱ्याने फणसाची फांदी मोडून त्या वाडीच्या वाटेवरील तार खरोखरच तुटली. ती कोणती तार होती, ते आम्ही विचारले नाही.

शोध अजून अर्धाच झाला होता. भिंतीत कोठे? वायरमननी मधल्या खोलीतील बटणांचा बोर्ड उघडला, सॉकेट उघडले, काही नाही. मग ते भिंतीपासून दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "बाई, वायरिंग झाल्यानंतर या भिंतीत काही ठोकलंय का?"

मावशी काही बोलल्या नाहीत. बोर्डाच्या सरळ वर, हातभर अंतरावर, त्यांच्या यजमानांची तसबीर होती. तिला कागदी फुलांचा हार. महिन्याच्या मिस्सेच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच खिळा ठोकला होता.

तसबीर उतरविली. खिळा चांगला तीन इंची. नळी फोडून तो न्यूट्रल आणि अर्थ या दोन तारांच्या मधून आरपार गेला होता. फेजची लाल तार त्याच नळीत, बोटभराहूनही कमी अंतरावर. मावशींचा चेहरा पांढरा पडला. "माझ्याच हातानं झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या. वायरमननी खिळा खिशात टाकला आणि अतिशय सौम्यपणे सांगितले, "नळी कुठून गेलीय हे तुम्हाला कुणी दाखवलंच नव्हतं. तुमचा काय दोष?" त्यांचे म्हणणे खरे आहे. भिंतीत नळ्या घातल्यावर, गिलावा करण्यापूर्वी, मोबाइलवर चार छायाचित्रे काढून ठेवली तर पुढील वीस वर्षांचे काम होते. ती नसतील तर बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन बोर्डांच्या मधल्या रेषेत खिळा ठोकू नये. नळ्या बहुधा त्याच रेषांनी जातात.

शेजारच्या आजीबाईंनी मृत्यूशी जोडलेला संबंध, एका परीने पाहता, खराच निघाला होता. सासूबाईंना हे कसे सांगावे, असा आम्हांस प्रश्न पडला. परंतु त्या खोलीच्या दारातून सर्व पाहत होत्या. मावशींना जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "बघ, भूत नाही, खिळा होता." मग बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या.

दोन तासांत तारेचा तेवढा तुकडा बदलून झाला. वायरमननी मोठा खटका वर केला, 'टेस्ट'चे बटण दाबून तो पडतो हे मावशींना दाखविले, आणि महिन्यातून एकदा त्यांनी स्वतः ते दाबावे असे सांगितले. बटण दाबूनही खटका पडला नाही तरच तो बिघडला असे समजावयाचे. त्या दिवशीच्या सायंकाळी आम्ही मुद्दाम सात वाजता फोन केला. दिवा होता. हौशी तरुणही तेथेच होता; मेगर कितीला मिळतो, अशी चौकशी तो वायरमनच्या फोनवर करून चुकला होता.

तसबीर मात्र दुपारपासून टेबलावर पडून होती. वायरमन हत्यारे आवरू लागले तेव्हाच मावशी हातात ती आणि एक छोटा खिळा घेऊन आल्या होत्या. लाकडी खांबाकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "इथं ठोकू?" वायरमननी खांबाला चोहोंकडून हात लावून पाहिला, वर तुळईकडे नजर टाकली, आणि हातोडी त्यांच्याच हाती दिली.